उणे 162 अंशांच्या टाकीजवळची नोकरी

मागच्या महिन्यात समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो होतो. चुलतभावाचा पोरगा संध्याकाळी ओसरीवर येऊन बसला. बारावी झालेला, घरी चार एकर पऱ्हाटी. "काका, तुमच्या एलएनजी पंपावर मले लागता येईन का?" आतून वहिनीचा आवाज आला, "एक सिलिंडर फुटलं तं सारं घर जाते, तिथं तं अख्खा टँकर हाय!"

हा प्रश्न मला बऱ्याच कास्तकारांच्या पोरांनी विचारला आहे, आणि भीतीही सगळ्यांच्या आयांची तीच. म्हणून सविस्तर लिहितो.

घरातला सिलिंडर एलपीजीचा, म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचा. एलएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, उणे 162 अंशांपर्यंत थंड करून द्रव केलेला. द्रव झाल्यावर त्याची जागा साधारण 600 पटींनी कमी होते, म्हणून जिथं पाइपलाइन पोचलेली नाही तिथंही टँकरने गॅस नेता येतो. आमच्या पंपावर तो ट्रकमध्ये इंधन म्हणून भरतात. सीएनजी 200 बारच्या आसपासच्या दाबाने कोंबलेला असतो, एलएनजीचा दाब त्यापेक्षा कितीतरी कमी. म्हणजे इथली खरी लढाई दाबाशी कमी आणि थंडीशी जास्त आहे. नव्या माणसाच्या डोक्यात हे बसायला वेळ लागतो, मलाही लागला.

11 जुलै 2021 ला नागपुरात कामठी रोडवर नितीन गडकरींच्या हस्ते एलएनजी स्टेशनचं उद्घाटन झालं, तेव्हा मी आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला होतो. ट्रेड इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. वर्गातली बहुतेक पोरं फिटर, इलेक्ट्रिशियनकडे गेली होती. त्या ट्रेडनाही इथं काम मिळतं, पण माझं ठाम मत आहे की इन्स्ट्रुमेंटवाल्याचा इथं जास्त उपयोग होतो. टाकीची पातळी, दाब, तापमान आणि गॅस डिटेक्टर यांवरच पाळी चालते. एलपीजीला मुद्दाम वास घालतात, तसा एलएनजीला घालता येत नाही, कारण इतक्या थंडीत वासाचा पदार्थच गोठतो. इथं नाक कामाचं नाही. डिटेक्टर बिघडला तर आपण आंधळेच.

आता पांढऱ्या ढगाबद्दल. नळी सोडताना जो पांढरा धूर दिसतो तो गॅस नसतो, हवेतलं बाष्प गोठलेलं असतं. गॅस डोळ्यांना दिसत नाही. पावसाळ्यात ढग मोठा दिसतो. आपल्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की ढग लहान दिसतो आणि पोरगं निर्धास्त होतं. गॅस मात्र त्या ढगाच्या बाहेरही असू शकतो. ताजा थंड वायू हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत सरकतो, गरम झाल्यावरच वर जातो. म्हणून जवळच्या खड्ड्याकडे, गटाराकडे आधी बघा.

त्याच मे महिन्यात, बाहेर 45 अंश असताना, व्हेपोरायझरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर बोटभर बर्फ चढलेला असतो. द्रवाचा पुन्हा वायू करायला तो आजूबाजूच्या हवेचीच उष्णता ओढतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ तिथंच उभा राहिलो होतो.

चूकही सांगतो. नोकरीचा दुसरा महिना, रात्रपाळी. भरणीची नोझल जोडण्याआधी तिच्या तोंडावर हवा मारून ओल काढायची असते. मी घाईत ती मारली नाही. भरणं झालं आणि नोझल ट्रकच्या टाकीच्या तोंडाला गोठून चिकटली. मी पाना उचलला, तसा सिनिअरने माझा हात धरला. ठोकायचं नाही, सील जातं. बर्फ सुटेपर्यंत थांबलो. ड्रायव्हरला चंद्रपूर गाठायचं होतं, त्याचा तेवढा खोळंबा माझ्यामुळे झाला. तेव्हापासून हवा मारल्याशिवाय मी नोझलला हात लावत नाही.

दुसरी गोष्ट, द्रव भरलेल्या पाइपचे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम बंद करायचे नाहीत. मध्ये कोंडलेला द्रव तापला की त्याला फुगायला जागा हवी असते. त्यासाठी मध्ये सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, पण त्याच्या भरवशावर काम करायचं नसतं.

पहिली नोकरी मला एका ठेकेदारामार्फत लागली होती. त्याने वेल्डिंगचे चामडी हातमोजे दिले. थंडीसाठीचे मोजे वेगळे असतात, सैल असतात, आत थेंब गेला तर झटकून काढता येतात. मी मागितले तर मिळेनात. तिसऱ्या महिन्यात मी ते काम सोडलं. तुम्ही पगार विचारायच्या आधी मोजे आणि तोंडावरची काच बघायला मागा. आणि पँट बुटात खोचू नका, बाहेर ठेवा. थेंब बुटात शिरला तर बूट काढेपर्यंत पाय भाजल्यासारखा जातो.

ड्रायव्हरकी करणाऱ्यांना जड वाहनाच्या परवान्यावर धोकादायक मालाची नोंद लागते, त्यासाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण असतं. स्टेशनच्या टाक्यांना परवाना देणाऱ्या पेसोचं, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांची सुरक्षा बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचं, मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. त्यांचे 2016 चे दाबपात्रांचे नियम मुलाखतीआधी वाचून जा.

ट्रॅक्टरला चालेल का, असं गावात हमखास विचारतात. नाही. टाकी कितीही चांगली असली तरी उष्णता थोडी थोडी शिरते, द्रव उकळतो, दाब वाढतो आणि शेवटी गॅस बाहेर सोडावा लागतो. आठ-आठ दिवस उभ्या राहणाऱ्या वाहनाचं हे इंधन नाही. वणीच्या कोळशाचे, कोरपन्याच्या सिमेंटचे रोज पळणारे ट्रक, त्यांना ते शोभतं. गाडी बंद शेडमध्ये तर कधीच ठेवायची नाही.

भविष्याचं विचाराल तर एक काळजी आहे. आपल्या देशाला लागणाऱ्या गॅसपैकी जवळपास निम्मा बाहेरून येतो, बराचसा कतारमधून जहाजाने गुजरातमधल्या दहेज बंदरात. 2022 मध्ये युक्रेनच्या युद्धामुळे जगात भाव भडकले. असं झालं की ट्रकवाला डिझेलकडे वळतो आणि पंपावरच्या पाळ्या कमी होतात. म्हणून फक्त एलएनजीचं शिकू नका. गेज, व्हॉल्व्ह, डिटेक्टरचं काम हाताला बसलं की सीएनजीत, कारखान्यात, कुठंही उभं राहता येतं.

निघताना पोराला एकच काम दिलं. हायवेवरच्या एखाद्या स्टेशनच्या कुंपणाबाहेर थांब, टँकर खाली करताना माणसं सगळ्यात आधी काय करतात ते बघ. चार दिवसांनी फोन आला, "काका, पहिले टायरखाली ठोकळे ठेवले, मंग अर्थिंगची तार जोडली. नळीले तं नंतर हात लावला." मी म्हटलं, आयटीआयचा फॉर्म भर.