सेल्फ मारला की ट्रकचा टेप बंद, शेवटी दोष सापडला

आमचा जुना सहाचाकी ट्रक 24 व्होल्टचा, म्हणजे 12 च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये (एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला). सेल्फ मारला की टेप बंद पडून सगळं सेटिंग उडायचं आणि रेस दिली की स्पीकरमधून कुंईं आवाज यायचा. दोनदा फ्यूज बदलला, काही फरक नाही. मग मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचा मीटर) लावला तर एक बॅटरी 12.7 आणि दुसरी 11.9! आधी कुणीतरी टेपला 12 व्होल्ट पाहिजे म्हणून एकाच बॅटरीवरून वायर जोडली होती, त्यामुळे ती बॅटरी कायम उपाशी आणि दुसरी ओव्हरचार्ज, पाणी सारखं कमी व्हायचं. हे कधीच करू नका रे, बॅटऱ्यांची जोडी अशीच मरते.

ती वायर काढली, 24 चे 12 करणारा 10 अँपिअरचा कन्व्हर्टर बसवला, टेपची पिवळी वायर कायम सप्लायला आणि लाल चावीवर. तरी कुंईं होतंच थोडं. टेपचं अर्थिंग (मायनसची वायर) डॅशबोर्डच्या गंजलेल्या स्क्रूवर होतं, पॉलिश पेपरने पत्रा घासून चासीवर नवीन बोल्ट मारला, आवाज गेला. दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या फुल चार्ज करूनच परत जोडल्या, हे विसरू नका.