स्ट्रेट पूल शिकायचंय? उस्तादाचा रन शेवटाकडून बघा

स्ट्रेट पूल या बिलियर्ड्ससारख्या टेबलावरच्या खेळाचे नियम पाच मिनिटांत कळतात. पंधरा चेंडू, प्रत्येकाला एक गुण. कोणता चेंडू कोणत्या पॉकेटमध्ये घालणार ते आधी सांगायचं आणि चुकेपर्यंत खेळत राहायचं. न चुकता असे सलग घातलेले चेंडू म्हणजे ‘रन’. चौदा चेंडू गेले की पंधरावा आहे तिथेच राहतो. बाकीचे चौदा पुन्हा त्रिकोणात रचतात, टोकाची जागा तेवढी रिकामी ठेवून. मग तो उरलेला चेंडू, म्हणजे ब्रेक बॉल, पॉट करता करता पांढऱ्याने, म्हणजे काठीने मारायच्या चेंडूने, नवा रॅक (चौदा चेंडूंचा त्रिकोण) फोडायचा. या खेळाला ‘१४.१’ म्हणतात ते यामुळेच.

अवघड काय आहे ते मात्र डोळ्यांना दिसत नाही. उस्तादाचा शंभराचा रन बघताना एकच वाटत राहतं, याला सगळे सोपेच चेंडू कसे मिळतात? मी कित्येक महिने असे रन गाणं ऐकावं तसे बघितले. मजा भरपूर आली, खेळ तसूभरही सुधारला नाही. बघायची रीत बदलली तेव्हा कुठे फरक पडला.

रन कोणता निवडायचा

अमेरिकी खेळाडू विली मॉस्कोनीने १९५४ साली ओहायोतल्या स्प्रिंगफील्डमध्ये, आठ फुटी टेबलावर, सलग ५२६ चेंडू घातले. त्याचं चित्रण नाही. जॉन श्मिटने २०१९ मध्ये केलेला ६२६ चा रन चित्रित झालेला आहे. पण सुरुवातीलाच अशा डोंगराला हात घालू नका, त्यात चव्वेचाळीसहून जास्त रॅक आहेत. ऐंशी ते शंभर चेंडूंचा एखादा रन घ्या. सहा-सात रॅक म्हणजे महिनाभराचा अभ्यास झाला. कॅमेरा उंचावर आणि स्थिर हवा, सगळं टेबल एका नजरेत दिसायला हवं. खेळाडूच्या चेहऱ्यावर जाणारा कॅमेरा आपल्या उपयोगाचा नाही.

एकदा सगळा रन मजेत बघून घ्या, म्हणजे उत्सुकता फिटते. पुढच्या वेळी आवाज बंद करा. समालोचक बोलायला लागला की आपलं डोकं थांबतं.

आधी फक्त पांढरा बघा

रंगीत चेंडू पॉकेटमध्ये गेला की नाही याकडे लक्षच देऊ नका. तो जाणारच आहे. नजर पांढऱ्यावर ठेवा. कागदावर प्रत्येक शॉटपुढे एक आकडा लिहा: पांढरा किती कुशनना, म्हणजे टेबलाच्या रबरी कडांना, लागला. एका रॅकचे चौदा आकडे लिहून झाले की शून्य आणि एक यांचीच गर्दी दिसेल. पांढरा जागच्या जागी थांबतो, वीतभर पुढे जातो किंवा थोडा मागे येतो. मग स्वतःचा एक रॅक मोबाइलवर चित्रित करून तोच हिशेब मांडा. माझ्या कागदावर दोन आणि तीनच जास्त होते. टेबलभर पांढरा पळवणं म्हणजे कौशल्य, असा माझा तोवर समज होता.

आता रॅक शेवटाकडून मागे न्या

खरा अभ्यास इथे आहे, इथे घाई करू नका. ब्रेकचा शॉट येतो तिथे चित्र थांबवा. बहुतेक वेळा ब्रेक बॉल त्रिकोणाच्या एका बाजूला, रॅक आणि लांब कुशन यांच्यामध्ये दिसेल. पांढरा त्याच्या वरच्या अंगाला असतो, जवळ आणि कोनात. चेंडू खालच्या कोपऱ्यात जातो आणि पांढरा आत वळून रॅकच्या कुशीत घुसतो. कोन नसेल तर पांढरा रॅककडे वळणारच नाही, फार असेल तर पॉटच अवघड होईल.

आता एक शॉट मागे जा. पांढरा तिथे आला कसा? ज्या चेंडूवरून आला तो ‘की बॉल’. समजा तो मधल्या पॉकेटच्या समोर, पॉकेटपासून दीड-दोन विती आत आहे. पांढरा त्याच्या बरोबर सरळ रेषेत आहे. खेळाडू स्टन मारतो, म्हणजे धडकेनंतर पांढरा पुढेमागे सरकणार नाही असा फटका. चेंडू मधल्या पॉकेटमध्ये जातो आणि पांढरा त्या चेंडूच्याच जागी थांबतो. तिथून ब्रेक बॉलला हवा तसाच कोन मिळतो. शॉट एवढा साधा की टाळीसुद्धा पडत नाही.

आणखी एक मागे: त्या सरळ रेषेत पांढरा कशाने आला? असे मागे मागे पाच चेंडूंपर्यंत जा. मग तोच रॅक पुढच्या दिशेने चालवा आणि बघा, ब्रेक बॉल आणि की बॉल हे दोन चेंडू त्याने राखून कधी ठेवले. टेबलावर सात-आठ चेंडू असतानाच तो त्यांना हात लावायचं टाळत असतो. हे दिसलं की सोपे चेंडू ‘मिळतात’ हा भ्रम गेलाच म्हणून समजा.

थांबवा, उत्तर लिहा, मग बघा

पुढचा रॅक घ्या. प्रत्येक शॉटआधी चित्र थांबवून दोन गोष्टी लिहा: तो कोणता चेंडू घेईल आणि पांढरा कुठे थांबेल. जुळलं तर पुढे चला. जुळलं नाही तर तिथेच बसून राहा, कारण कळेपर्यंत.

माझी उत्तरं बहुधा तीन ठिकाणी चुकत. एक, चिकटलेले चेंडू मी शेवटावर ढकलायचो. तो ते लवकर फोडतो, आणि फोडताना एक सोपा चेंडू हातचा राखून ठेवतो. फुटल्यावर काहीच नीट पडलं नाही तरी तो चेंडू असतोच. दोन, इतर चेंडूंची पॉकेटकडची वाट अडवणारा चेंडू तो आधी काढतो. तीन, कुशनला चिकटलेला चेंडू. याबद्दल फार सांगण्यासारखं नाही: तो लवकर घेतो.

टेबलावर उतरवा

शेवटच्या तीन चेंडूंचं चित्र थांबवून कुशनवरच्या खुणांच्या हिशेबाने तीच मांडणी करा. चेंडूंच्या जागी कागदाचे छोटे गोल स्टिकर लावा, म्हणजे पुन्हा पुन्हा तिथेच ठेवता येतील. चौदा चेंडूंचा रॅकही लावा, नाहीतर ब्रेकचा अंदाज येत नाही. दहा वेळा खेळा. ब्रेक बॉल गेला का यापेक्षा पांढरा रॅकच्या कितव्या चेंडूला लागला आणि मोकळा सुटला का, याची नोंद ठेवा. तीन चेंडू जमले की पाच घ्या. त्याचा जोर हुबेहूब उचलायच्या भानगडीत पडू नका. कापड आणि कुशन प्रत्येक टेबलाचे वेगळे असतात.

रन संपला कसा, तेही बघा

बहुतेक लोक शेवटच्या चुकीपाशी चित्र बंद करतात. समजा, ब्रेकनंतर पांढरा रॅकला चिकटून राहिला आणि पुढे शॉटच उरला नाही. दोन शॉट मागे जा आणि की बॉलवर पांढरा कुठे थांबला ते पाहा. हव्या त्या जागेपेक्षा तो चार बोटं पुढे गेलेला असू शकतो. त्यापलीकडे बाकीचं सगळं त्याने नेहमीसारखंच केलेलं असतं.