औषधाचा दुष्परिणाम कसा कळवावा: डॉक्टर, परिचारिका आणि फार्मासिस्ट यांच्यासाठी

पाळीच्या दुखण्यासाठी मेफेनामिक ॲसिडच्या गोळ्या घेतलेली तरुणी काही आठवड्यांनी ताप, अंगभर पुरळ आणि सुजलेल्या गाठी घेऊन दवाखान्यात आली, तर आधी विषाणूजन्य तापाचीच शंका येते. गोळी तोवर सगळेच विसरलेले असतात. या औषधामुळे ‘ड्रेस’ नावाची गंभीर ॲलर्जी उद्भवू शकते, असा इशारा गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनने (औषधांची मानके ठरवणारी सरकारी संस्था) नोव्हेंबर २०२३ मध्ये दिला, तो देशभरातून आलेल्या दुष्परिणामांच्या नोंदी तपासूनच. भारताचा औषधदक्षता कार्यक्रम, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारी यंत्रणा, २०१० मध्ये सुरू झाला आणि २०११ पासून तो हेच कमिशन चालवते.

नोंद करण्यासाठी खात्री लागत नाही, संशय पुरतो. औषध आणि त्रास यांचा संबंध किती दाट आहे, हे ठरवण्याचे काम पुढे तज्ज्ञ करतात. औषधाची प्रतिक्रिया (म्हणजेच दुष्परिणाम) आधीपासून माहीत असलेली असो वा नवी, किरकोळ असो वा गंभीर, ती कळवता येते. आपल्यावर काही शेकेल या भीतीने अनेक जण नोंदीचा अर्ज भरायचे टाळतात. परंतु नोंद करणे म्हणजे चुकीची कबुली नव्हे, असे अर्जावरच स्पष्ट केलेले आहे, आणि रुग्णाची ओळख गोपनीय ठेवली जाते. म्हणून तेथे पूर्ण नावाऐवजी आद्याक्षरेच लिहावीत.

अर्जाला हात लावण्यापूर्वी रुग्णाकडून गोळ्यांची पट्टी मागून घ्यावी. ‘ती पांढरी गोळी’ एवढ्यावर काही लिहिता येत नाही. दुकानदाराने पट्टी कापून चारच गोळ्या दिल्या असतील, तर बॅच क्रमांकाचा तुकडा बहुधा दुकानातच राहिलेला असतो. अशा वेळी बिल पाहावे, त्यावर तो सापडण्याची शक्यता असते. त्यानंतर बाकीच्या औषधांची चौकशी करावी. ‘दुसरे काही घेत नाही’ असे सांगणारा रुग्ण काढा, भस्म किंवा शेजाऱ्याने दिलेली गुडघेदुखीची गोळी औषधांत धरत नाही, म्हणून यांची नावे घेऊनच विचारावे लागते. या सोबतच्या औषधांना अर्जात वेगळी जागा आहे. मात्र प्रतिक्रियेवरील उपचारासाठी दिलेली औषधे तेथे लिहू नयेत.

आता मुख्य भाग, म्हणजे प्रतिक्रियेचे वर्णन. ‘रॅश आला, औषध दिले, बरे वाटले’ ही ओळ केसपेपरवर खपून जाते, येथे तिचा उपयोग नाही. समजा, को-ट्रायमॉक्साझोल हे जंतुसंसर्गावरचे औषध घेतल्यावर ओठावर डाग उठला, तर असे लिहावे: ‘१२ तारखेला लघवीच्या जंतुसंसर्गासाठी गोळी सुरू, १४ तारखेला सकाळी खालच्या ओठावर जळजळ व गोल काळपट डाग, त्याच दिवशी गोळी बंद, १८ तारखेला जळजळ नाही, डाग फिका, गेल्या वर्षी हीच गोळी घेतल्यावर त्याच जागी डाग आल्याचे रुग्ण सांगतो.’ यात शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे आहे. औषध थांबवल्यावर त्रास ओसरला का आणि पूर्वी ते पुन्हा घेतल्यावर उलटला होता का, या दोन उत्तरांवर संशयाचे वजन ठरते. केवळ पडताळण्यासाठी मात्र औषध पुन्हा देऊन पाहू नये.

वय, प्रतिक्रिया सुरू झाल्याची तारीख, संशयित औषध आणि कळवणाऱ्याचा तपशील हे रकाने रिकामे राहिले तर अर्ज अपुरा ठरतो. मृत्यू, जीवाला धोका, रुग्णालयात दाखल होणे किंवा मुक्काम वाढणे, अपंगत्व, बाळातील जन्मजात दोष यांपैकी काही घडले असल्यास ‘गंभीर’ या रकान्यात तशी खूण करावी आणि अर्ज विनाविलंब धाडावा. यकृताच्या किंवा मूत्रपिंडाच्या तपासण्या झाल्या असतील, तर तारखेसह आकडे द्यावेत.

भरलेला अर्ज जवळच्या प्रतिक्रिया नोंद केंद्राकडे द्यावा. अशी केंद्रे वैद्यकीय महाविद्यालयांत असतात. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात त्यांपैकी एक आहे. केंद्र दूर असेल, तर कार्यक्रमाचे मोबाईल ॲप किंवा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक वापरावा. रुग्णांना स्वतः कळवायचे असल्यास त्यांच्यासाठीचा वेगळा अर्ज मराठीतही मिळतो. केंद्रात छाननी झालेल्या नोंदी कमिशनमार्फत स्वीडनमधील उप्साला येथील जागतिक संग्रहात जातात.

अर्ज गेल्यानंतरही एक काम उरते. रुग्णाच्या हातात चिठ्ठी द्यावी आणि तिच्यावर ब्रँडचे नव्हे, तर मूळ घटकाचे नाव ठळक लिहावे, कारण तोच घटक पुढच्या दुकानात निराळ्या नावाच्या पट्टीतून पुन्हा त्याच्या हाती येऊ शकतो.