खिशातून पैसे भरून तज्ज्ञ आणि स्कॅन: खरा आकडा आधीच कसा काढायचा

"चार ठिकाणी फोन करून दर विचारा" हा सल्ला सगळेच देतात. पण विचारायचं काय, हे कुणी सांगत नाही. प्रश्न चुकला तर चाळीस फोन करूनही हाती काही लागत नाही.

जुनी फाईल आणि चालू औषधांची यादी जवळ आहे असं धरून चालतो.

आधी तज्ज्ञाची वेळ घ्या. घेतानाच विचारा, की रिपोर्ट दाखवायला आलो तर पुन्हा फी पडेल का, आणि ती किती दिवसांत आलं तर लागणार नाही. संपलं.

"आधी स्कॅन करून घ्या, मग तज्ज्ञाकडे जा, एक खेप वाचते" असं कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि ऐकू नका. गुडघा दुखतो म्हणून गुडघ्याचा एमआरआय काढायचा आणि मग कळायचं की दुखण्याचं मूळ खुब्यात आहे, असं खरंच होतं. एका फीची बचत करायला जाऊन दोन स्कॅनचे पैसे जातात. कुठला भाग बघायचा आणि कशाने बघायचा, हे तपासणाऱ्या माणसाला ठरवू द्या.

आता खरी गोम. चिठ्ठी हातात आली की स्कॅनचा दर काढायचा. इथे मी एकदा सपशेल आपटलोय.

आईच्या पोटाचं सीटी करायचं होतं. मी फोनवर विचारलं, "पोटाच्या सीटीचे किती?" समोरून आकडा आला, तेवढे पैसे घेऊन आम्ही गेलो. तिथे गेल्यावर कळलं, की चिठ्ठीत पोट आणि ओटीपोट दोन्ही लिहिलंय आणि त्यांच्याकडे ते दोन भाग धरतात. शिवाय कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरेतून द्यायचं औषध, लागणार होतं. त्याचे पैसे वेगळे. ते देण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन हवं, मूत्रपिंडं नीट चालतात का ते बघायला. तेही आम्ही केलेलं नव्हतं. बिल जवळजवळ दुप्पट झालं आणि आई सकाळपासून उपाशी बसलेली. चीड आली, पण फोनवरचा आकडा खोटा नव्हता. मी जेवढं विचारलं तेवढ्याचं उत्तर मला मिळालं होतं.

तेव्हापासून मी चिठ्ठी समोर धरून शब्दन्‌शब्द वाचून दाखवतो: भाग कोणता, उजवा की डावा, प्लेन की कॉन्ट्रास्टसह. अक्षर लागत नसेल तर डॉक्टरांकडून नीट लिहून घ्या, अंदाजाने वाचू नका. मग एकच वाक्य: "सगळं धरून, बाहेर पडेपर्यंत मी एकूण किती भरणार?" त्यात कॉन्ट्रास्ट, रक्ततपासणी, रेडिओलॉजिस्टचा रिपोर्ट, सीडी, आणि बंदिस्त यंत्राची भीती वाटणाऱ्यांना द्यावं लागणारं गुंगीचं औषध, सगळं आलं का ते वदवून घ्या. चिठ्ठीत प्लेन असलं तरी ऐनवेळी कॉन्ट्रास्ट लागल्यास किती वाढतील, तेही विचारा. आणि हे सगळं मेसेजवर मागा. लेखी द्यायला टाळाटाळ करणारी जागा मी यादीतून सरळ खोडतो.

एक मात्र बजावून सांगतो: डॉक्टरांनी लिहिलेला कॉन्ट्रास्ट पैसे वाचवायला गाळू नका. नेमकं जे बघायचं तेच दिसलं नाही तर पुन्हा त्याच टेबलावर झोपावं लागतं. मूत्रपिंडाचा त्रास किंवा पूर्वी आलेली ॲलर्जी असेल तर ते फोनवरच सांगा.

"आमचं यंत्र ३ टेस्लाचं आहे" हे ऐकून जास्त पैसे मोजू नका; टेस्ला म्हणजे एमआरआयच्या चुंबकाची ताकद मोजायचं एकक. नेहमीच्या बहुतेक एमआरआयला १.५ टेस्ला पुरतं. ३ हवंच असेल तर डॉक्टर तसं सांगतील. शंका असेल तर त्यांनाच विचारा, काउंटरला नाही. आणि लक्षण काही नसताना "संपूर्ण शरीराचं पॅकेज" तर अजिबात घेऊ नका. त्यात एखादा निरुपद्रवी ठिपका दिसतो आणि तो निरुपद्रवी आहे हे सिद्ध करायला आणखी दोन तपासण्या होतात.

पैसे भरा, पावती घ्या.

निघताना नुसत्या कागदी रिपोर्टवर समाधान मानू नका. डायकॉम, म्हणजे स्कॅनच्या यंत्रांच्या ठरलेल्या फाईल स्वरूपातल्या, मूळ प्रतिमा सीडीवर किंवा लिंकवर घ्या. दुसऱ्या तज्ज्ञाला त्याच लागतात, आणि त्या नसल्या तर "परत काढून आणा" असंही ऐकावं लागू शकतं. सीडी तिथेच उघडून नाव आणि तारीख बघा. आईची सीडी मी घरी येऊन लावली, तर आत कुणाचा तरी डावा खांदा होता.