गाडीवरचं स्टिकर टिकवायचं तर कडा सांभाळा

विनाइल स्टिकर खराब व्हायला सुरुवात होते ती कडेपासून. कड केसाएवढी जरी उचलली गेली, तरी तिथे धूळ चिकटून काळी रेघ उमटते आणि मग पाणी आत शिरतं. म्हणून नवीन स्टिकर लावल्यावर निदान दोन दिवस गाडी धुवू नका, गोंदाला नीट पकड घेऊ द्या. पुढेही प्रेशर वॉशर किमान 30 सेंटिमीटर लांब धरा आणि फवारा समोरून मारा. तिरका मारला तर पाणी थेट कडेखाली घुसतं.

खरं तर हातानं धुणंच उत्तम. गाडी सावलीत गार होऊ द्या, सौम्य शाम्पू घ्या आणि मऊ कापड स्टिकरच्या मधून कडेकडे फिरवा. पेट्रोल, थिनर अजिबात नको. पक्ष्यांची विष्ठा दिसली की लगेच भिजवून काढा, ती रंगही खाते.

जुनं स्टिकर काढताना कृपा करून पत्तीनं खरवडू नका, एक ओरखडा कायमचा राहतो. हेअर ड्रायरनं गरम करा, कोपरा उचला, मागे दुमडून सावकाश ओढा. उरलेला गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलनं निघतो. खालचा रंग भोवतीपेक्षा गडद दिसला तर घाबरू नका, त्याला इतके दिवस ऊन लागलेलं नसतं.