कवळी कम्प्युटरवरची की हातानं बनवलेली? घरच्या म्हाताऱ्या माणसासाठी कसं ठरवायचं

मी दातांच्या लॅबमध्ये काम करतो, म्हणजे डॉक्टर माप पाठवतात आणि कवळी आम्ही बनवतो. आजकाल यवतमाळकडच्या खेड्यांतून तुटलेली कवळी दुरुस्तीला घेऊन आलेली पोरं एकच विचारून राहिली, "भाऊ, आईले आता कम्प्युटरवाली करून देऊ का साधीच?" महाग आहे म्हणजे चांगलीच असेल असं बरेच जण धरून येतात. त्यांना मी जे सांगतो तेच इथं लिहितो.

आधी दोन्ही बनतात कशा ते बघा. साध्या कवळीला साधारण ५ चकरा लागतात, दोनदा माप, मग मेणाच्या कड्यांवर जबडा कुठं जुळतो ते बघणं म्हणजे बाईट, मग मेणात दात लावून ट्रायल, आणि शेवटी कवळी हातात. ट्रायल पास झाली की आम्ही ती मेणातली कवळी प्लास्टरमध्ये घालून धातूच्या डब्यात बंद करतो, त्याला फ्लास्क म्हणतात, गरम पाण्यानं मेण धुऊन काढतो आणि राहिलेल्या पोकळीत गुलाबी पावडर आणि लिक्विड कालवलेला गोळा दाबतो. हा गोळा कणकेसारखा होईपर्यंत थांबावं लागतं, ओढल्यावर तार सुटत असेल तर अजून कच्चा आहे. मग तो ७४ डिग्रीच्या आसपासच्या पाण्यात ८-९ तास शिजतो. शिजताना मटेरियल आकसतं, थेअरीत ७ टक्क्यांच्या आसपास, प्रत्यक्ष कवळीत तेवढं दिसत नाही, पण टाळूच्या मागच्या कडेला बारीक फट राहू शकते आणि वरची कवळी धरून ठेवायला नेमकी तीच कड लागते.

डिजिटलमध्ये, म्हणजे कम्प्युटरवालीत, दोन प्रकार आहेत आणि हे आधी विचारून घ्या, कारण दोन्हीला लोक एकाच नावानं ओळखतात. पहिला मिलिंगचा. बशीएवढी जाड गुलाबी चकती येते, ती कंपनीतच दाबाखाली पक्की झालेली असते, मशीन त्यातून कवळी कोरून काढतं, म्हणजे आकसायचं ते आधीच आकसून गेलेलं, म्हणून टाळूला बसते छान आणि मजबूतही असते. दुसरा प्रिंटिंगचा, यात रेझिन नावाच्या पातळ प्लास्टिकचे एकावर एक थर लाइटनं घट्ट करत जातात, मग धुऊन परत लाइटखाली पक्के करतात. प्रिंटची स्वस्त पडते, लवकर होते, पण मिलिंगच्या मानानं कमी मजबूत आणि दात लवकर झिजतात. तुमच्या घरी ज्वारीची भाकर, हुरडा, फुटाणे चालत असतील तर मी कायमसाठी प्रिंटची सांगणार नाही. ट्रायलला किंवा तात्पुरती म्हणून ठीक आहे.

आता खरा मुद्दा. मशीन फक्त दिलेलं माप आणि दिलेला बाईट उतरवतं, चूक असली तर चूकही हुबेहूब उतरवतं. एका गावच्या आजोबांची केस आमच्याकडे आली होती, कापसाचे पैसे आले तसे पोरांनी हौसेनं मिलिंगची करायला सांगितली, कवळी बनली आरशासारखी, आणि तोंडात घातल्यावर वरचे-खालचे दात एका बाजूलाच टेकायचे. कारण काय तर आजोबा ६-७ वर्षं बिनदाताचे होते. असं माणूस हिरड्यांनीच चावत राहतं आणि जबडा पुढं काढून मिटायची सवय लागते, त्याच सवयीत बाईट घेतला गेला. स्क्रीनवर मलाही ते थोडं विचित्र दिसलं होतं आणि मी डॉक्टरांना फोन करून विचारायला पाहिजे होतं, ते केलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. शेवटी सगळं नव्यानं करावं लागलं, आजोबांच्या ४ चकरा आणखी.

म्हणून बाईट घेताना तुम्ही सोबत राहा. आजी-आजोबांना घरीच सवय करून द्या, जीभ उचलून टाळूच्या पार मागं लावायची आणि तशीच ठेवून हळूच तोंड मिटायचं, दिवसातून चार-पाच वेळा. डॉक्टरही हेच करायला सांगतात पण तिथं खुर्चीवर बसल्यावर माणूस घाबरतं, घरून सवय असली की जमतं.

ट्रायल हा दुसरा मोठा टप्पा आणि डिजिटलमध्ये कधीकधी चकरा वाचवायच्या म्हणून तोच गाळतात, तो गाळू देऊ नका. ट्रायलला आरसा मागा. सात, साठ, सत्तर, पासष्ट असं मोठ्यानं म्हणायला लावा, स म्हणताना वरचे-खालचे दात एकमेकांवर टकटक वाजत असतील तर दात उंच झालेत. ओठ मिटताना ओढून मिटावे लागत असतील तरी तेच. आणि घरच्या माणसानं चेहरा बघून बोलावं, माझी आजी तर ट्रायलला म्हणाली होती, "बाप्पा, हे दात माह्ये नाही वाटत, पांढरे फट्ट दिसून राहिले," आणि शेड म्हणजे दातांचा रंग बदलला. तेव्हा लाजू नका, ट्रायलमध्ये दात बदलणं सोपं असतं, कवळी बनल्यावर नाही.

खर्रा म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण खाणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. त्यानं ज्यांचं तोंड कमी उघडतं त्यांना मापाचा ट्रे आतच जात नाही, अशा वेळी तोंडात फिरवायचा छोटा स्कॅनर कामी येऊ शकतो. बाकी बिनदाताच्या तोंडात स्कॅनरला मऊ हलणारी ओली चामडी नीट पकडता येत नाही, म्हणून बरेच डॉक्टर माप हातानंच घेतात आणि ते माप स्कॅन करतात. तसं केलं तर फसवलं असं समजू नका, ते बरोबरच आहे.

खालच्या कवळीबद्दल खरं सांगतो, ती कशीही बनवा, वरच्याइतकी घट्ट बसणार नाही. जागा कमी, मधी जीभ. शिवाय दात काढल्यावर हाड झिजत जातं, टॅलग्रेन नावाच्या बाईंनी २५ वर्षं पेशंट बघून १९७२ मध्ये लिहून ठेवलंय की खालचं हाड वरच्यापेक्षा साधारण चौपट झिजतं. त्यामुळं काही वर्षांनी कवळी ढिली होणार, तेव्हा आतून नवा थर भरून घ्यायचा, त्याला रिलाइन म्हणतात. खालच्या कवळीचा फारच त्रास असेल आणि पैशाची सोय असेल तर डिजिटलवर जास्तीचा खर्च करण्यापेक्षा खाली दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचे स्क्रू, लावून त्यावर कवळी बसवा, फरक तिथं पडतो.

मग डिजिटल घ्यावी कोणी? ज्यांना एसटीनं दोन-दोन तास येणं झेपत नाही, सोबत यायला माणूस नाही, वेचणीच्या दिवसात तर कोणीच मोकळं नसतं, त्यांना २ ते ४ चकरांत होत असेल तर तेवढ्यासाठी घ्या. ज्यांची कवळी हरवते, तुटते, त्यांनाही, कारण फाइल राहते आणि परत माप न देता तशीच दुसरी निघते. फक्त फाइल कोणाकडं राहणार, किती वर्षं ठेवणार आणि पुढच्या कवळीचे पैसे किती, हे आधीच लिहून घ्या. दात काढून नुकतेच दोन-तीन महिने झाले असतील तर ती फाइल फार दिवस कामाची नाही, हिरडी बदलत असते.

पैसे कमी असतील तर साधीच करा आणि चांगल्या हाताची करा. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय आहे, वर्ध्याजवळ सावंगी मेघेला, अमरावतीला डेंटल कॉलेज आहेत, तिथं शिकणारी मुलं सरांच्या देखरेखीखाली करतात, चकरा जास्त होतात पण माप घाईत घेत नाहीत.

दुरुस्तीचाही विचार करा. साधी आणि मिलिंगची कवळी तुटली तर तालुक्याच्या गावातही जोडून मिळते, प्रिंटची जोडायला जरा अवघड. आणि कवळी तुटली तर कृपा करून दुकानातला गम लावू नका. न्हाणीत धुताना फरशीवर पडून दोन तुकडे झालेली कवळी आमच्याकडे गम लावून येते, कडा केसभर सरकलेल्या असतात, गम खरवडताना कड अजून जाते आणि मग तुकडे जुळतच नाहीत. धुताना खाली पाण्याची बादली किंवा टॉवेल ठेवा, रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा, उकळतं पाणी नको, वाकडी होते. तुटलीच तर सगळे तुकडे, अगदी निघालेला एक दातसुद्धा, ओल्या कपड्यात गुंडाळून डबीत घालून घेऊन या.