मुलांना जपानी शिकवताय? या चुका टाळा

पुण्यात जपानी शिकणं नवं नाही, पण आता सहा-सात वर्षांची मुलंही क्लासला येतात. त्यांच्या बाबतीत सर्रास होणारी चूक म्हणजे संस्कृतीसाठी वर्षातून एकच ‘जपान डे’ ठेवणं. किमोनो, पंखा, सुशीचं चित्र, पालकांसाठी फोटो, झालं. मुलांना वाटतं, जपानी माणसं रोज अशीच नटूनथटून फिरतात.

त्यापेक्षा तिथलं त्यांच्याच वयाचं मूल शाळेत काय करतं ते दाखवा. दाराशी बूट बदलतं, पांढरा एप्रन आणि टोपी घालून वर्गाला जेवण वाढतं, वर्ग झाडून-पुसून घेतं. “त्यांच्या शाळेत मावशी नसतात?” असा प्रश्न हमखास येतो. तो आला की तास रंगला म्हणून समजा.

‘जपानी लोक फार शिस्तीचे’ असली भाषणं तर नकोतच. लहान मुलाला त्यातून काही कळत नाही, आणि अख्ख्या देशाबद्दल असं सरसकट बोलूही नये. खेळ घ्या. ‘साइशो वा गू’ म्हणत सगळ्यांनी आधी मूठ दाखवायची, मग ‘जान केन पोन’. बरोबरी झाली तर ‘आइको देशो’ म्हणून लगेच पुन्हा. दगड-कागद-कात्री मुलांना येतंच, त्यामुळे नियम समजावत बसावं लागत नाही. फळ्याशी आधी कोण जाणार, हे रोज यावरच ठरवा. ‘दारुमा-सान गा कोरोंदा’ हा खेळ आपल्या स्टॅच्यूसारखा. ज्याच्यावर राज्य, तो पाठ करून हे वाक्य म्हणतो आणि गर्रकन वळतो. तेव्हा जो हलला तो सापडला. या वाक्याचे जपानी मोजणीने, म्हणजे ‘सान’ आणि ‘कोरोंदा’मधला ‘न्’ही वेगळा मोजून, बरोबर दहा ठोके होतात. मुलं ते बोटांवर मोजतात आणि उच्चार आपोआप सुधारतो.

वाकून अभिवादन करताना मुलं हसतात. रागावू नका, तुम्ही मात्र प्रत्येक तासाला नीट वाका. सवयीने मुलं हातही जोडतात, तेवढं सुधारा: वाकताना हात अंगालगत. हात जोडायचे ते जेवणाआधी, ‘इतादाकिमास’ म्हणताना. मधल्या सुट्टीत डबा उघडताना हे रोज करून घेता येतं.

कुणी डोळे ताणून ‘चिंगचांग’ केलं, तर हसण्यावारी नेऊ नका. याने माणसं दुखावतात, हे तिथल्या तिथे, शांतपणे सांगा. चीन आणि जपान नकाशावर दाखवा.

युकाता (उन्हाळ्यातला सुती किमोनो) नेसवणार असाल तर डावी बाजू वर येऊ द्या. उजवी वर असते ती मृतदेहाला नेसवताना. भातात चॉपस्टिक्स उभ्या खोचणंही तिथे अशुभ, कारण मृतापुढे ठेवलेल्या भातात त्या तशा खोचतात. मुलांनी विचारलं तर खरं कारण सोप्या शब्दांत सांगा, लपवू नका.

आणि सारखं ‘त्यांचं वेगळं, आपलं वेगळं’ करू नका. चांदोबातला ससा जपानी मुलांनाही दिसतो. तिथे तो मोची, म्हणजे चिकट तांदळाचा गोळा, कुटत असतो. ससा चंद्रावर कसा गेला, ही गोष्ट मूळची आपल्याकडच्या जातककथेतली, बौद्ध धर्माबरोबर तिकडे पोचलेली. ती सांगा आणि चित्र काढायला द्या.